जाळीचं तोंड

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मिस्त्री ती एकदा चढून आला होता, बावीस वर्षांपूर्वी, मालकानं दिलेला इस्त्रीचा सदरा घालून. त्यानंतर शहरात कधी बाजाराला गेला तरी कोर्टाच्या रस्त्यानं जायचा नाही. गुरांच्या दवाखान्यामागून लांबचा वळसा घालायचा. बायको विचारायची, एवढा उशीर का झाला, तर म्हणायचा, "पाय मोकळे केले जरा."

यंदा पावसानं दडी मारली. रानात हिरवं पान दिसेना, तसा लोकांनी होता-नव्हता तो कडबा गाड्यांत घालून मालकाच्या कुट्टीवर आणायला सुरुवात केली. वाळला कडबा गुरं अख्खा खात नाहीत. बारीक कापून, भिजवून पुढे टाकावा लागतो. मालकाचं यंत्र दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत धडधडायचं. मिस्त्रीची नजर अधू झाल्यापासून त्यावर त्याचा मुलगा उभा राहायचा. दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, दारात गाड्यांची रांग लागलेली असताना, त्या मुलाच्या उजव्या हाताची चार बोटं पेंढीबरोबर आत गेली.

पेंढी आत ओढणाऱ्या कुट्टीच्या रुळांवर बसवायला एक लोखंडी जाळी असते. कडबा सरकवण्यापुरतं तिला एका बाजूनं तोंड असतं, त्यातून पेंढी जाते, हात जात नाही. पण जाड पेंढी तिथे अडकते. मग यंत्र थांबवा, पेंढी उपसा, पुन्हा चालू करा. गाडीवाले शिव्या घालतात. म्हणून कुट्टीवरचा प्रत्येक माणूस जाळी खोलून भिंतीला टेकवून ठेवतो. मुलाला ही अक्कल बाहेरून कुणी शिकवायला आलं नव्हतं. "जाळी काढ, काम उरकतं," असं बापानंच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पोरगा त्याबद्दल बापाला एका शब्दानं बोलला नव्हता. डाव्या हातानं जेवायचा, सांडायचा, अर्ध्यावर उठून जायचा. बोलला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

मुलाच्या बाजूनं वकिलानं मालकाला नोटीस धाडली होती. तिचं उत्तर आलं, ते सुनेनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. घरात अक्षरं तिलाच नीट लागायची. मिस्त्रीची मजल सहीपर्यंत.

"'यंत्रावर जाळी कायम बसवलेली असते. सदर कामगाराचा हात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे गेला. आमच्या यंत्रावर यापूर्वी एकही अपघात झालेला नाही.'"

मिस्त्रीचा चहाचा कप तोंडापाशी गेला होता, तो तिथेच थांबला. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. कधीकाळी त्यानं तो दोन दिवस घोकून पाठ केला होता.

"एकही नाही कसा?" सून म्हणाली. "ती ओढ्यापलीकडची थोटी मावशी? तिचा हात याच यंत्रात गेला ना? दावाही झाला होता म्हणतात."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. आत त्याची बायको भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज बंद झाला.

"मामंजी, तुम्हीच होतात ना तेव्हा यंत्रावर?"

"होतो की. यंत्र म्हटल्यावर कुणीतरी असणारच त्यावर."

सुनेनं ते वकिलाला जाऊन सांगितलं. वकील खूश झाला. आधीचा एक अपघात कोर्टाच्याच कागदांतून निघाला की मालकाचं उत्तर खोटं पडतं, म्हणाला. कागद मात्र तुम्ही शोधून आणा. जुन्या दप्तरात डोकं घालायला माझ्याकडे माणूस नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बायकोनं मिस्त्रीला न्हाणीपाशी गाठलं. "तिला एकटीला जाऊ द्या. त्या कागदांत तुमचं नाव निघेल."

"निघेल."

"हात गेला तेव्हा मीच म्हटलं होतं गप्प बसा म्हणून. पोटात हा होता. मालकाच्या खोलीत राहत होतो आपण."

"तू म्हणालीस. पण तोंड माझं होतं," मिस्त्री म्हणाला आणि पायताण घालून सुनेच्या मागून चालू लागला.

नकलांची खिडकी कोर्टाच्या मागच्या अंगाला, सायकली लावायच्या पत्र्याशेजारी होती. आत छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर फडक्यांत बांधलेली कागदांची गाठोडी. कारकुनानं धुळीपायी नाकाला रुमाल बांधला होता, त्यामुळे त्याचा राग फक्त डोळ्यांत दिसायचा.

"नंबर?"

"कसला?"

"दाव्याचा."

"तोच शोधायला आलोय," सून म्हणाली.

"साल?"

"पूल वाहून गेला होता बघा," मिस्त्री म्हणाला, "त्या साली."

"मग पुलाच्या खात्यात विचारा," कारकून म्हणाला. रांगेतले दोघेतिघे हसले.

सुनेनं बोटांवर मोजलं. नवरा जन्मला त्याच्या आदल्या महिन्यात हात गेला, म्हणजे बावीस वर्षं. कारकुनानं दोन सालांची दोन रजिस्टरं धप्पकन खाली आदळली आणि धूळ बसायची वाट बघत राहिला.

"दावा लावणाऱ्याचं नाव सांगा."

"मालकाचं नाव चालेल का?"

"बाई, सूची दावा लावणाऱ्याच्या नावावर असते. ज्याच्यावर लावला त्याच्या नावावर नाही. लावणाऱ्याचं नाव."

सून सासऱ्याकडे बघू लागली.  त्या बाईचा नवरा मिस्त्रीचा जोडीदार. दोघांनी एका यंत्रावर सहा वर्षं काढली, एका डब्यात जेवले. डबा घेऊन ती यायची, तिला तो वहिनी म्हणायचा. मग जोडीदार तापानं पडला, त्याची रोजी बुडू नये म्हणून चार दिवस ती यंत्रावर पेंढ्या सरकवायला आली आणि चौथ्या दिवशी मनगटापासून हात गेला. त्यानंतर ती साऱ्या गावाची थोटी झाली. मिस्त्रीही घरात थोटीच म्हणायचा. तिच्या आईबापांनी तिचं काही नाव ठेवलं असेल, हे त्याच्या डोक्यात आजवर आलं नव्हतं.

"थोटी म्हणतात तिला," तो हळूच म्हणाला.

कारकुनानं नाकावरचा रुमाल खाली ओढला. "काका, रजिस्टरात असं लिहीत नाहीत. तिथे माणसाचं नाव असतं."

मागचा माणूस पुन्हा हसला. मिस्त्रीचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"शिवाय तुम्ही तिऱ्हाईत," कारकून जरा मऊ होऊन म्हणाला. "तिऱ्हाइताला नक्कल हवी तर कारण लिहून द्या, शपथेवर द्या, साहेबांची मंजुरी घ्या. घोंगडं भिजत पडेल. बाई हयात आहे का? मग तिलाच घेऊन या. तिचा दावा, तिचे कागद. एका अर्जावर आठ दिवसांत मिळतील."

दुसऱ्या दिवशी दोघं ओढा ओलांडून गेले. बाई दारात खराटे बांधत बसली होती. काड्यांची जुडी तिनं डाव्या टाचेखाली दाबली होती, दोरीचं एक टोक दातांत धरलं होतं आणि दुसरं डाव्या हातानं ओढून वेढे देत होती. वेढे घट्ट बसले तशी तिनं दातांनीच गाठ मारली, दोरी थुंकली आणि वर बघितलं.

"या मिस्त्री. बावीस वर्षं लागली ओढा ओलांडायला? यंदा तर पाणी घोट्याएवढंही नाही."

मिस्त्री उभ्यानं काड्यांकडे बघत राहिला. सगळं सुनेनंच सांगितलं: नवऱ्याची बोटं, मालकाचं उत्तर, कारकुनाची खिडकी. शेवटी म्हणाली, "मावशी, अर्जावर तुमचं नाव लागेल. मामंजींना आठवेना."

"आठवेना?" बाई मिस्त्रीकडे वळली. "आठवायला आधी माहीत असावं लागतं. काय म्हणायचास रे मला?"

"वहिनी म्हणायचो."

"आणि मग?"

मिस्त्रीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. बाईनं त्याला थोडा वेळ तसंच उकरू दिलं. मग सुनेला नाव सांगितलं. साधंच नाव होतं, तीन अक्षरी. सुनेनं ते वहीत लिहिलं आणि बरोबर लिहिलंय का, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पोराचा हात कुठवर गेलाय?" बाईनं विचारलं.

"चार बोटं. अंगठा राहिलाय."

"अंगठा राहिला म्हणजे पुष्कळ राहिलं. त्याला म्हणावं, गाठ दातांनी मारायला शिक. लोक बघतात, बघू देत. लाजत बसलास तर उपाशी राहशील." तिनं दुसरी जुडी टाचेखाली घेतली. "मी येते. पण एक अट आहे, मिस्त्री. कागद निघाले की मला वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होते. आत कोण काय बोललं ते मला कुणी सांगितलं नाही. दावा गेला, एवढंच घरधनी म्हणाले, आणि मरेपर्यंत त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत. वाचताना तू माझ्यासमोर बसायचंस."

"बसतो," मिस्त्री म्हणाला. 

खिडकीपाशी या वेळी काम भराभर झालं. नाव मिळाल्याबरोबर कारकुनाचं बोट सूचीवरून खाली घसरत आलं आणि एका ओळीवर थांबलं. त्यानं तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि नंबर खणखणीत आवाजात वाचला. बाईनं "हां, मीच ती," असं शाळेतल्या हजेरीसारखं उत्तर दिलं. अर्ज लिहून झाला. कारकुनानं शाईची डबी पुढे सरकवली.

"अंगठा करा. बायकांचा उजव्या हाताचा," तो मान खाली घालूनच म्हणाला.

बाईनं बाही वर केली आणि उजवं मनगट खिडकीच्या फळीवर ठेवलं. कातडी तिथे पिशवीचं तोंड बांधावं तशी गोळा होऊन आली होती. कारकुनानं ते बघितलं आणि रुमाल सोडून टाकला.

"चुकलं माझं, बाई."

"तुमचं काय चुकलं? हात कसा गेला ते तुमच्याच गाठोड्यात बांधून ठेवलंय. काढा म्हणजे झालं."

त्यानं डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि शेजारी लिहिलं: 'उजवा हात नाही'. मिस्त्री इतका वेळ पत्र्याखालच्या सायकली मोजत होता. अकरा होत्या.

त्या आठ दिवसांत मिस्त्रीनं घरातली झाडून सारी हत्यारं धार लावून ठेवली. विळे झाले, कुऱ्हाड झाली, कात्री झाली. बायको म्हणाली, आता माझी जीभ तेवढी राहिली, पण तिलाही हसू आलं नाही. एकदा तो मालकाच्या आवारावरून गेला. यंत्रावर नवा माणूस होता. नोटीस मिळाल्यापासून जाळी बसवलेली होती, तीही हिरवा रंग देऊन, तोंड पेंढी सरकवणाऱ्याकडे. नवा माणूस दर पाच मिनिटांनी यंत्र थांबवून पेंढी उपसत होता. मिस्त्री तिथूनच परत फिरला.

नवव्या दिवशी नक्कल हातात पडली. एकवीस पानं, प्रत्येकावर शिक्का. कोर्टाच्या आवारात झाडाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे सून आणि बाई बसल्या. मिस्त्री समोर खाली, उकिडवा. वारा सुटला होता. सुनेनं पानं मांडीवर दाबून धरली आणि वाचायला सुरुवात केली.

आधी दाव्याचा अर्ज. मग दवाखान्याचा कागद. मग पंचनामा. "'रुळांवर लोखंडी जाळी चार बोल्टांनी घट्ट बसवलेली आढळली. जाळीचं तोंड पट्ट्याच्या बाजूस आहे. जाळीवर रक्त आढळलं नाही.'" सून वाचत पुढे गेली. मिस्त्रीनं मान वर केली. त्यानं बाईकडे बघितलं. तिच्या काही ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नसतं.

"'साक्षीदार तिसरा,'" सुनेनं वाचलं, "'यंत्रचालक...'" आणि पुढचं नाव वाचून ती थांबली. ते नाव ती दर कागदावर नवऱ्याच्या नावापुढे लिहायची.

"वाच पुढे," बाई म्हणाली.

"'मी शपथेवर सांगतो की... जाळी कायम बसवलेली असते. त्या दिवशीही होती. बाईचा हात तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे गेला. तिला मी सांभाळून काम कर, असं दोनदा सांगितलं होतं.'" सुनेचा आवाज खाली खाली गेला. "हे तर मालकाच्या उत्तरातलं वाक्य आहे. जसंच्या तसं. ह्यांच्याबद्दलचं." ती सासऱ्याकडे बघत होती. ओठांवर आलेलं 'मामंजी' तिनं गिळलं, ते त्याला दिसलं.

शेवटची दोन पानं निकालाची होती. यंत्रचालकाच्या साक्षीवरून आणि पंचनाम्यावरून जाळी बसवलेली होती हे सिद्ध होतं. दावा काढून टाकला जात आहे.

"संपलं?" बाईनं विचारलं.

"संपलं, मावशी."

"बरं झालं. ठाऊक होतंच. जाळी भिंतीला टेकवलेली मी डोळ्यांनी बघितली होती. कानांनी ऐकायचं तेवढं राहिलं होतं." तिनं बाकाला हात टेकला आणि उठू लागली.

मिस्त्रीला तेव्हा गप्प राहता आलं असतं. वकिलाला हवं होतं ते मिळालं होतं. आधीचा अपघात झाला होता हे कागदावर आलं होतं.  पण त्याच्या तोंडून शब्द निघाले, ते त्यालाच परक्याचे वाटले.

"वहिनी, बसा. अजून एक आहे. पोरी, पंचनाम्याचं पान परत काढ. जाळीचं तोंड कुठे लिहिलंय?"

"पट्ट्याच्या बाजूस."

मिस्त्रीनं सुनेनं बरोबर आणलेला जेवणाचा पितळी डबा पुढे ओढला आणि झाकण अर्धवट उघडून त्यांच्यासमोर धरला. "हे तोंड. हे आपल्याकडे पाहिजे, पेंढी सरकवणाऱ्याकडे. ते पलीकडे, यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्याकडे असलं," त्यानं डबा फिरवला, "तर आपल्याकडे काय आलं? बंद बाजू. काडी आत जायची नाही. मग हात कुठून जाईल?"

दोघी डब्याकडे बघत राहिल्या.

"उलटी बसली होती. हात गेल्यानंतर बसवली. मी बसवली. मालक डोक्यावर उभा होता, लवकर लाव म्हणत होता. बोल्ट हातातून निसटत होते. पंच त्याच संध्याकाळी आले, दिसलं तसं त्यांनी लिहिलं. पुढे वकिलांनी वाचलं, जज्जानं वाचलं. त्यांतला एकही कधी कुट्टीवर उभा राहिला नव्हता."

"आणि तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. यंत्र चालू केलं तर पेंढी आत जाईना. खोलून सरळ केली."

"साक्ष त्यानंतर दिलीस."

"पाच महिन्यांनी."

"म्हणजे माझा दावा जिंकायची ओळ इतकी वर्षं त्या गाठोड्यात होती, आणि ती वाचता येणारा माणूस गावात तू एकटा."

"होय, वहिनी."

"पोराची बोटं गेली नसती तर आला असतास?"

खोटं बोलायला जीभ आत्ताही तयार होती. ती जन्मभर त्याच कामाला लावलेली होती. मिस्त्रीनं मान खाली घातली.

"नसतो आलो."

 सुनेनं वहीतलं एक कोरं पान फाडलं. "हे वकिलाला लिहून द्याल? खोटी साक्ष दिली म्हणून तुम्हालाही धरतील, हे कळतंय ना?"

"कळतंय. लिही."

"काय लिहू?"

"आधी यांचं नाव लिही."

"तुम्ही सांगा," सून म्हणाली.

मिस्त्रीनं ते तीन अक्षरी नाव उच्चारलं, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा. मग पुढचं एकेक वाक्य सांगत गेला: जाळी भिंतीला होती, आम्ही ती कायम काढूनच ठेवायचो, मालकाला ठाऊक होतं, माझ्या मुलालाही मीच शिकवलं. सून लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिनं पान बाकावर ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

मिस्त्रीनं पेन उजव्या हातात धरलं. पाच बोटांत. वाऱ्यानं पान फडफडायला लागलं आणि सही करायची जागा सारखी उडू लागली. तेव्हा बाईनं बाही वर सारली आणि उजवं मनगट कागदाच्या कोपऱ्यावर दाबून ठेवलं.

"पोरासाठी करतोयस, ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "कर सही. मी धरते."

त्याची सही लांबलचक होती. ती पुरी होऊन शाई वाळेपर्यंत तिनं मनगट उचललं नाही.